सिद्धता हातात आहे, पण ती पाठवायची कधी?

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव गोव्यात बहुतेकांना इतिहासकार म्हणून ठाऊक आहे. राज्य सरकार पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरवतं, तिथेही त्यांच्या इतिहासलेखनाचीच जास्त चर्चा होते. पण १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेल्या कोसंबींचा पेशा होता गणिताचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून काम केलं. त्यांचे तीन निबंध शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की गणितातलं संशोधन प्रसिद्ध करण्याजोगं कधी होतं या प्रश्नाचे बरेच पदर दिसू लागतात.

पहिला निबंध १९४३ चा, भारतीय गणित परिषदेच्या जर्नलमध्ये आलेला. सतत बदलत राहणाऱ्या, यदृच्छ म्हणजे केवळ योगायोगाने ठरणाऱ्या राशीचं वर्णन एकमेकांशी सहसंबंध नसलेल्या घटकांची बेरीज करून कसं करता येतं, हे त्यात आहे. काही वर्षांनी हीच कल्पना फिनलंडचे कारी कारुनेन आणि फ्रेंच गणिती मिशेल लोएव यांनी स्वतंत्रपणे मांडली. आज ती सिग्नल प्रोसेसिंगपासून प्रतिमा ओळखण्यापर्यंत सगळीकडे वापरली जाते आणि बहुतेक पुस्तकांत तिला त्या दोघांचं नाव आहे. कोसंबींचा निबंध बरोबर होता आणि आधीचाही होता, पण ज्यांना त्याचा उपयोग झाला असता त्यांच्या टेबलावर तो पोचला नाही.

दुसरा १९४४ चा, जेमतेम चार पानांचा. गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर कसं काढायचं याचं सूत्र त्यात होतं, आणि तो लंडनहून निघणाऱ्या, आनुवंशशास्त्राचे अभ्यासक वाचत असलेल्या नियतकालिकात आला. आजही पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारे संशोधक ‘कोसंबी फंक्शन’ हे नाव रोज घेतात.

तिसरा १९५९ चा. त्यात रीमान गृहीतकाच्या सिद्धतेचा दावा होता. बर्नहार्ड रीमान यांनी १८५९ मध्ये मांडलेलं हे विधान मूळ संख्या कशा विखुरल्या आहेत याविषयी आहे आणि गणितातला सगळ्यात प्रसिद्ध अनुत्तरित प्रश्न म्हणून त्याची ख्याती आहे. कोसंबींचा हा निबंध छापून आला कृषी संख्याशास्त्राच्या भारतीय जर्नलमध्ये. मूळ संख्यांवर काम करणारे लोक ते जर्नल वाचत नव्हते, त्यामुळे निबंध छापून येण्याआधी हवी होती ती उलटतपासणी त्याला मिळाली नाही. सिद्धता टिकली नाही. १९६२ मध्ये टाटा संस्थेतली कोसंबींची नोकरी संपली. त्याला इतरही कारणं होती, पण या दाव्यामुळे गणित्यांमध्ये त्यांच्या शब्दाचं वजन कमी झालं, हे त्यांच्यावर लिहिणाऱ्या अनेकांनी नोंदवलं आहे. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाच्या बाबतीत हे घडावं याची मला फार हळहळ वाटते.

लेखक एकच, पण तीन निबंधांची नशिबं तीन तऱ्हांची. यातून मी जे समजलो ते असं: सिद्धता लेखकाला पटली म्हणजे ती तयार झाली असं होत नाही. तिच्यातली चूक काढायला जो सगळ्यात लायक आहे, त्याच्यासमोर ती लेखकाच्या मदतीशिवाय उभी राहू शकली, तर ती तयार.

हे नीट कळायला आधी गणितातला पुरावा वेगळा का, ते पाहावं लागतं. औषधाची चाचणी शंभर रुग्णांवर यशस्वी झाली तर डॉक्टर ती बातमी प्रसिद्ध करतो, कारण त्याच्या शास्त्रात पुरावा हळूहळू साठत जातो. गणितात उदाहरणं कितीही साठवली तरी प्रमेय होत नाही. शाळेतल्या मुलालाही करता येईल असा हिशेब घ्या. कुठल्याही संख्येचा वर्ग करा, त्यात ती संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. ० घेतला तर ४१ येतात, १ घेतला तर ४३, २ घेतले तर ४७, ३ घेतले तर ५३. सगळ्या मूळ संख्या. ३९ पर्यंत सलग चाळीस वेळा उत्तर मूळ संख्याच येतं. ४० ला येतात १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१, आणि नियम कोसळतो. चाळीसपैकी चाळीस चाचण्या यशस्वी होऊनही विधान खोटंच होतं.

याहून थरारक गोष्ट मर्टेन्स यांच्या अटकळीची. अटकळ म्हणजे खरं असावं असं वाटणारं, पण अजून सिद्ध न झालेलं विधान. १८९७ मध्ये मांडलेली ही अटकळ तपासलेल्या प्रत्येक संख्येला लागू पडत होती. १९८५ मध्ये अँड्र्यू ओडलिझ्को आणि हर्मन टे रिले यांनी ती खोटी असल्याचं सिद्ध केलं. गंमत अशी, की ती नेमकी कुठल्या संख्येला मोडते तो आकडा आजही कुणाच्या हातात नाही. मोडते एवढं मात्र नक्की. मूळ संख्यांना यदृच्छ समजून केलेल्या युक्तिवादांतला धोकाही याच जातीचा असतो. नाणेफेकीसारख्या यदृच्छ क्रमांपैकी जवळजवळ सगळ्यांना एखादा गुणधर्म असतो, हे सिद्ध करता येतं. पण मूळ संख्यांचा क्रम एकच आहे आणि तो ठरलेला आहे. ‘जवळजवळ सगळ्यां’मध्ये तो बसतो की नाही, हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि खरी अवघड पायरी तीच असते.

सिद्धतेतली भोकं बहुतेक अशाच ठिकाणी असतात. पायरी इतकी स्वाभाविक वाटते, की लिहिणाऱ्याची लेखणी तिथे थांबतच नाही.

अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर सुमारे सात वर्षं जवळजवळ गुप्तपणे काम केलं. १९९३ च्या सुरुवातीला त्यांनी प्रिन्स्टनमधले सहकारी निक कॅट्झ यांना विश्वासात घेतलं. सिद्धता तपासून घ्यायची म्हणून दोघांनी युक्ती काढली: वाइल्स यांनी विद्यार्थ्यांसाठी एक व्याख्यानमाला सुरू केली आणि कॅट्झ श्रोत्यांत बसू लागले. कशाविषयी चाललंय ते न कळल्याने विद्यार्थी एकेक करून गळाले, कॅट्झ राहिले. त्यांना चूक सापडली नाही. जूनमध्ये केंब्रिजला घोषणा झाली, जगभर बातमी गेली, आणि सुमारे दोनशे पानांचं हस्तलिखित परीक्षकांकडे गेलं. परीक्षकांपैकी एक पुन्हा कॅट्झच होते. या वेळी ते ओळ न् ओळ वाचत होते आणि अडलं की वाइल्सना लिहून विचारत होते. अशाच एका प्रश्नाला उत्तर देता येईना. त्यातून जे भोक उघडं पडलं ते बुजवायला वाइल्स आणि त्यांचे जुने विद्यार्थी रिचर्ड टेलर यांना सप्टेंबर १९९४ उजाडला. निबंध छापून आला १९९५ मध्ये.

माणूस तोच, सिद्धता तीच. ऐकताना निसटलेली चूक वाचताना सापडली. फळ्यासमोर उभा असलेला गणिती आवाजाच्या चढउताराने, हातवाऱ्यांनी, ‘हे तर झालंच’ म्हणत श्रोत्याला अवघड जागेवरून पुढे नेतो. तो फसवत नसतो; त्याला स्वतःलाच ती जागा अवघड वाटत नसते. आपल्याकडे जत्रेच्या नाटकात विंगेत प्रॉम्प्टर उभा असतो, नट अडखळला की तो हळूच पुढचं वाक्य पुरवतो. छापलेल्या निबंधाला प्रॉम्प्टर नाही. स्वीडनमधला किंवा जपानमधला वाचक एकोणिसाव्या पानावर अडखळला, तर फोंड्यात बसलेला लेखक त्याच्या कानात काही सांगू शकत नाही. म्हणून सिद्धता ‘सुचली’ आणि सिद्धता ‘लिहून झाली’ यांच्यात महिने जातात, आणि ते जायलाच हवेत.

परीक्षकांनी पसंत केलं म्हणजे निर्धोक, असंही मात्र नाही. कोणत्याही नकाशातले शेजारी प्रदेश वेगळे दिसावेत यासाठी चार रंग पुरतात, याची सिद्धता आल्फ्रेड केंपे यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. ती अकरा वर्षं मान्य होती. १८९० मध्ये पर्सी हीवूड यांनी तिच्यातली चूक दाखवली, आणि केंपेंचीच पद्धत वापरून पाच रंग नक्की पुरतात हे सिद्ध केलं. पुढे १९७६ मध्ये चार रंगांचं प्रमेय संगणकाच्या मदतीने सिद्ध झालं, त्यातही केंपेंच्या कल्पनेचा धागा आहे. चुकीचा निबंध नेहमी फुकट जात नाही, त्यातली पद्धत स्पष्ट लिहिलेली असली तर दुसरा ती उचलू शकतो.

स्वतःच्या सिद्धतेची तपासणी

पाठवण्याआधी घरबसल्या करता येतील अशा काही परीक्षा गणित्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. प्रमेयात घातलेली प्रत्येक अट सिद्धतेत नेमकी कुठे वापरली, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. एखादी अट कुठेच वापरली गेली नसेल तर दोनच शक्यता: तुमचं प्रमेय तुम्हाला वाटतं त्याहून बलवान आहे, किंवा सिद्धतेत चूक आहे. अनुभव सांगतो की बहुधा दुसरी.

याचीच बहीण असलेली, पण अधिक कठोर परीक्षा म्हणजे आपली पद्धत जरुरीपेक्षा जास्त सिद्ध करते का, हे पाहणं. तीच वाक्यं जशीच्या तशी ठेवून, खोटं असल्याचं आधीच माहीत असलेलं एखादं विधान सिद्ध होत असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय. ही चूक कुठे आहे ते लगेच सापडणार नाही, पण आहे एवढं कळतं. मोठ्या प्रश्नांवरचे दावे तज्ज्ञ मंडळी काही मिनिटांत बाजूला ठेवतात ते बऱ्याचदा याच परीक्षेने. तो उद्धटपणा नसतो. त्या प्रश्नाच्या वाटेवर कुठे कुठे दरड कोसळते हे त्यांना आधीच ठाऊक असतं, आणि नवी सिद्धता तिथून कशी गेली हे ते सर्वात आधी पाहतात.

मग ‘स्पष्टच आहे’, ‘सहज दिसतं’, ‘याच प्रकारे’ हे शब्द निबंधात शोधावेत आणि प्रत्येक जागी पूर्ण सिद्धता कच्च्या वहीत लिहून काढावी. सगळी निबंधात घालायची गरज नाही. पण ती लिहिता आली पाहिजे. लहानात लहान उदाहरणावर प्रत्येक पायरी चालवून पाहावी. हे झालं की वही काही आठवडे मिटून ठेवावी. ताज्या लिखाणात आपण कागदावर काय आहे ते न वाचता डोक्यात काय आहे तेच वाचत असतो.

निबंध नवा आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि तरुण संशोधक नेमके इथे घाई करतात. झेडबीमॅथ ओपन हा गणितातल्या निबंधांचा प्रचंड सूचीसंग्रह २०२१ पासून सगळ्यांना मोफत खुला आहे. तुमचं प्रमेय वेगळ्या शब्दांत, वेगळ्या शाखेत, पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी सिद्ध केलेलं असू शकतं. कोसंबींच्या १९४३ च्या निबंधाचं जे झालं ते आठवा आणि शोध घेताना लहान, स्थानिक जर्नलंही वगळू नका.

यानंतर माणसं. ताळगाव पठारावरच्या विद्यापीठात, झुआरीनगरला बिट्समध्ये, फर्मागुढीला आयआयटीत गणिताचे विभाग आहेत. सेमिनारमध्ये बोलण्याची संधी मागावी, पण वाइल्स यांचा धडा लक्षात ठेवून त्यानंतर लिखित मसुदा निदान दोघांच्या हाती द्यावा. त्यातला एक तरी असा असावा, की जो तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसणार नाही.

हे सगळं किती सुंदर रीतीने करता येतं याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितिन सक्सेना यांनी, दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि वेगाने ठरवण्याची पद्धत शोधली. नऊ पानांचा मसुदा त्यांनी या विषयातल्या निवडक तज्ज्ञांना पाठवला आणि एक-दोन दिवसांत संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवला. काही दिवसांतच जगभरच्या जाणकारांनी तो तपासून बरोबर असल्याचं सांगितलं. डच गणिती हेंड्रिक लेन्स्ट्रा यांनी तर सिद्धता अजून सोपी कशी होईल तेही सुचवलं. मूळ मसुदा विश्लेषणातल्या एका जड प्रमेयावर टेकलेला होता; २००४ मध्ये छापून आलेल्या रूपाला त्या टेकूची गरज उरली नव्हती. थेट शिखरावरच्या माणसांना आधी दाखवण्याचं धैर्य त्या तिघांनी केलं, कारण मसुदा कोणाच्याही हाती एकटा सोडता येईल असा लिहिलेला होता.

आधी प्रीप्रिंट, मग जर्नल

आज गणितात प्रसिद्ध करणं दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा म्हणजे आर्काइव्ह, १९९१ मध्ये सुरू झालेला प्रीप्रिंटचा, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीच्या निबंधांचा, इंटरनेटवरचा खुला संग्रह. तिथे निबंध विषयाला धरून आहे ना एवढंच साधारणपणे पाहिलं जातं. सिद्धता बरोबर आहे का, हे तपासलं जात नाही. तारीख नोंदली जाते, त्यामुळे कोणी आधी केलं हा वाद मिटतो. सुधारित आवृत्त्या चढवता येतात, पण पहिली आवृत्ती कायम दिसत राहते. निबंध मागे घेतला तरी जुनी प्रत पुसली जात नाही. म्हणून ‘आर्काइव्हवर तर टाकू, जर्नलचं नंतर बघू’ ही वृत्ती मला पटत नाही. नाव तिथेही आपलंच असतं. रशियन गणिती ग्रिगोरी पेरेलमान यांनी २००२-०३ मध्ये आकारांच्या अभ्यासातल्या प्रसिद्ध प्वांकारे अटकळीवरचे तिन्ही निबंध फक्त तिथेच ठेवले, जर्नलला कधी पाठवलेच नाहीत. ते तपासून पूर्ण सिद्धता सविस्तर लिहायला जाणकारांच्या तुकड्यांना २००६ उजाडलं. पेरेलमान यांना ते परवडलं, कारण तपासायला जगातली उत्तम डोकी आपणहून पुढे आली. आपल्यातल्या बहुतेकांच्या निबंधाला असे वाचक आपसूक मिळत नाहीत, ते जर्नलच्या संपादकाला शोधून द्यावे लागतात. म्हणून जर्नल निवडताना त्याच्या संपादक मंडळात आपल्या विषयावर काम करणारं कोण आहे, हे आधी पाहावं. जर्नलचं नाव किती मोठं, हा प्रश्न त्यानंतरचा.

उशिराचंही नुकसान असतं. कार्ल फ्रीडरिश गाउस यांचं ब्रीद होतं ‘थोडंच, पण पिकलेलं’. युक्लिडच्या भूमितीहून वेगळी भूमिती शक्य आहे हे त्यांना कळलं होतं, पण त्यांनी ते छापलं नाही. निकोलाय लोबाचेव्हस्की यांनी १८२९ मध्ये आणि तरुण यानोश बोयाई यांनी १८३२ मध्ये ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलं. बोयाईंच्या वडिलांना गाउस यांनी कळवलं, की याची स्तुती करणं म्हणजे माझी स्वतःचीच स्तुती केल्यासारखं आहे. त्या वाक्याने यानोश खचले. गाउस यांच्या मौनाने गणिताचीही काही दशकं गेली असं मला वाटतं.

आणि ‘पिकलेलं’ म्हणजे अंतिम नव्हे. यीतांग झांग यांनी २०१३ मध्ये सिद्ध केलं, की एकमेकींपासून ७ कोटींपेक्षा कमी अंतरावर असणाऱ्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. सगळ्यांना हवं असलेलं अंतर आहे २. सात कोटींचा आकडा आपल्याच पद्धतीने कितीतरी खाली आणता येईल हे त्यांना दिसत होतं, तरी त्यासाठी ते थांबले नाहीत. मुख्य अडथळा ओलांडला होता, सिद्धता स्वच्छ लिहिली होती. एप्रिलमध्ये पाठवलेला निबंध मे महिन्यात स्वीकारला गेला, आणि वर्षभरात इतरांनी मिळून अंतर २४६ वर आणलं. आकडा धारदार करणं इतरांवर सोडता येतं, सिद्धतेतलं भोक मात्र सोडता येत नाही.

एका निबंधाचे तीन तुकडे करून यादी लांबवण्याच्या प्रथेविषयी फार लिहीत नाही. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलेला असलाच पाहिजे ही सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत काढली. निदान विद्यार्थ्यांवरचा तो दाब कमी व्हायला हवा.

संगणकाबद्दल मात्र सांगायला हवं. टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये केप्लर अटकळीची सिद्धता दिली. गोळे जास्तीत जास्त दाटीवाटीने कसे रचायचे, हा तो प्रश्न. बारा परीक्षकांनी काही वर्षं घालवून सांगितलं, की आम्हाला ९९ टक्के खात्री आहे. हेल्स यांना उरलेला एक टक्का सोसेना. त्यांनी सहकाऱ्यांसह सगळी सिद्धता संगणक पायरीपायरीने तपासू शकेल अशा भाषेत लिहून काढली, ते काम २०१४ मध्ये पुरं झालं. पीटर शोल्त्से यांनी २०२० च्या डिसेंबरमध्ये स्वतःचंच एक महत्त्वाचं प्रमेय पुढे करून, हे संगणकाकडून तपासून द्या, असं जाहीर आवाहन केलं. सिद्धता तपासणाऱ्या ‘लीन’ या संगणक प्रणालीत काम करणाऱ्यांनी २०२२ पर्यंत ते तपासून दिलं. फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च सन्मानांपैकी एक मिळालेला माणूस आपल्या सिद्धतेविषयी खात्री करून द्या म्हणतो, यापेक्षा मोठा आदर्श मला तरी माहीत नाही.

गोव्यात हायस्कुलात किंवा उच्च माध्यमिकमध्ये शिकवणारे, बँकेतून निवृत्त झालेले, कुठल्याच संशोधन संस्थेशी संबंध नसलेले लोकही गणितावर वह्या भरतात. त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. आर्काइव्हवर पहिल्यांदा निबंध ठेवणाऱ्याला सहसा त्याच विषयात आधी लिहिलेल्या कुणाची तरी शिफारस लागते, म्हणून आधी एक पान लिहावं: काय सिद्ध केलं, त्यातली नवी पायरी कोणती, आणि आधीचे लोक जिथे अडले तिथून आपण कसे गेलो. ते पान, ज्यांनी अलीकडे त्याच प्रश्नावर लिहिलंय अशा एकाच प्राध्यापकांना पाठवावं. पन्नास जणांना एकदम पाठवलेलं पत्र कुणीच आपलं समजत नाही. आणि निबंध एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचा असतो, हा सगळीकडे पाळला जाणारा नियम आहे. उत्तर यायला काही महिने, कधी वर्षही लागतं. ‘सातव्या पानावरची तिसरी ओळ कळली नाही’ असं उत्तर आलं, तर ते नकाराचं समजू नका. कुणीतरी सातव्या पानापर्यंत वाचलंय. ती ओळ पुन्हा लिहा, आणि तिच्या आधीच्या दोन्ही.